नाताळचे वाद्यसंगीत अल्बम ऐकायचे तर: निवड, जुळणी आणि क्रम

डिसेंबर लागला की आपल्या सोलापुरात बऱ्याच घरांत एकच प्रकार होतो. यूट्यूबवर 'ख्रिसमस इन्स्ट्रुमेंटल' शोधायचं, पहिलं दिसेल ते तीन तासांचं मिश्रण लावायचं आणि आठवड्याभरात कंटाळून बंद करायचं. यात संगीताचा दोष नाही. नाताळच्या वाद्यसंगीतात मोजक्याच चाली फिरून फिरून येतात. तीच चाल एकजण पियानोवर वाजवतो, दुसरा गिटारवर, तिसरा ऑर्गनवर. शब्द नसतात, त्यामुळे वाद्य, वाजवण्याची ढब आणि दोन सुरांमधली शांतता यांतच काय तो फरक. सरमिसळ यादी, चुकीची सेटिंग आणि वाढवलेला वूफर नेमका हा फरक पुसून टाकतात. उरते ती एकच चाल पंधरा वेळा.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. स्पीकर आधी आणि यादी नंतर असं केलं तर काम दोनदा करावं लागतं. सगळी तयारी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, फार तर दोन संध्याकाळींत उरकते.

## टप्पा १: यादी वाद्यांवरून करा, नावांवरून नको

महिन्याभराला आठ ते दहा अल्बम पुरे. पन्नास जमवले की एकही पुरता ऐकला जात नाही. कागदावर चार रकाने आखा: एकटं वाद्य, तीन-चार जणांचा छोटा संच, ऑर्गन किंवा इलेक्ट्रिक गिटारवाले, आणि मोठा संच. प्रत्येक रकान्यात दोन किंवा तीन नावं लिहा, त्यांतलं किमान एक जुनं आणि एक नवं.

एकट्या वाद्यासाठी जॉर्ज विन्स्टनचा 'डिसेंबर' (१९८२) आणि जॉन फेहीचा 'द न्यू पॉसिबिलिटी' (१९६८) ही जोडी घ्या. पहिल्यात फक्त पियानो आहे, दुसऱ्यात फक्त पोलादी तारांची गिटार. तिसरं नाव हवं असेल तर डेव्ह ब्रूबेकचा 'अ डेव्ह ब्रूबेक ख्रिसमस' (१९९६), तोही एकट्या पियानोचा. पण विन्स्टन आणि ब्रूबेक पाठोपाठ लावू नका. मध्ये गिटार हवीच.

छोट्या संचात व्हिन्स ग्वाराल्डी ट्रिओचा 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' (१९६५) हवाच. पियानो, बास आणि ड्रम हा त्याचा गाभा. काही ठिकाणी मुलांचा समूहस्वर येतो, तेवढ्यासाठी अल्बम वगळू नका. त्याच्याशेजारी रॅम्झी लुईस ट्रिओचा 'साउंड ऑफ ख्रिसमस' (१९६१) ठेवा. त्याची पहिली बाजू निव्वळ तिघांची आहे, दुसऱ्या बाजूला तंतुवाद्यांची साथ आहे. ऑस्कर पीटरसनचा १९९५ चा नाताळ अल्बमही याच रकान्यात ठेवा, मात्र त्यातही तंतुवाद्यांची साथ आहे.

ऑर्गन-गिटारच्या रकान्यात जिमी स्मिथचा 'ख्रिसमस ६४' (१९६४), बुकर टी अँड द एमजीजचा 'इन द ख्रिसमस स्पिरिट' (१९६६) आणि 'द व्हेंचर्स ख्रिसमस अल्बम' (१९६५) येतात. व्हेंचर्सच्या अल्बममध्ये एक गंमत आहे. प्रत्येक चालीच्या तोंडाशी त्या काळच्या एखाद्या गाजलेल्या पॉप गाण्याचा तुकडा जोडला आहे. मुलांना तो ओळखायला लावा, अल्बम पुरता ऐकला जातो.

मोठ्या संचासाठी मॅनहाइम स्टीमरोलरचा 'ख्रिसमस' (१९८४) घ्या. त्यात हार्पसिकॉर्डसारखी जुनी वाद्यं आणि सिंथेसायझर एकत्र वाजतात. नव्यांमध्ये बेला फ्लेक अँड द फ्लेकटोन्सचा 'जिंगल ऑल द वे' (२००८) आहे. बँजो, बास, सॅक्सोफोन आणि त्यात सायबेरियातल्या तुवाचे, घशातून एकाच वेळी दोन सूर काढणारे कंठगायक, त्यामुळे पूर्ण वाद्यांचा नाही, पण रोजच्या ऐकण्याची सवय मोडायला याच्याइतका चांगला दुसरा नाही. कार्ला ब्लेचा 'कार्लाज ख्रिसमस कॅरल्स' (२००९) पितळी वाद्यांचा आहे. चिली गोंझालेसचा 'अ व्हेरी चिली ख्रिसमस' (२०२०) मुख्यतः पियानोचा, अधूनमधून गायन असलेला.

केनी जीचा 'मिरॅकल्स' (१९९४) पुष्कळांच्या ओळखीचा आहे. तो यादीत जरूर ठेवा, पण महिन्यातून एकदाच लावा. सॅक्सोफोन सतत पुढे असल्यामुळे त्याच्या पाठोपाठ लावलेला हळू आवाजाचा कोणताही अल्बम फिका वाटतो.

तपासा: एकाच रकान्यात चार नावं आणि दुसऱ्यात एकही नाही असं झालंय का? झालं असेल तर इथेच दुरुस्त करा. पुढचा सगळा क्रम या रकान्यांवर उभा आहे.

## टप्पा २: खरा अल्बमच हाती लागलाय ना?

शोधलं की एकाच नावाचे पाच-सहा अल्बम समोर येतात. काही पुनर्मुद्रित, काही जादा ट्रॅक घातलेले, तर काही भलत्याच वादकांनी नक्कल करून टाकलेले. तीन गोष्टी जुळवा: वादकाचं पूर्ण नाव, मूळ वर्ष आणि ट्रॅकची संख्या. उदाहरणार्थ, ग्वाराल्डीच्या मूळ एलपीवर ११ ट्रॅक आहेत. त्याहून जास्त दिसले तर ती वाढीव आवृत्ती. ती चालेल, पण अकराव्या ट्रॅकला थांबा. वाढीव भागात त्याच चालींचे दुसरे नमुने असतात. ते लगेच ऐकले की पहिल्याचा ठसा पुसट होतो.

'फायरप्लेससह दहा तास' अशा नावाचे व्हिडिओ टाळा. त्यांत वादकाचं नाव नसतं, जाळाची चुरचुर वर मिसळलेली असते आणि ती चुरचुर पियानोच्या शेवटच्या मंद सुरांना गिळते.

सावधान: ॲप फुकटचं असेल तर दोन ट्रॅकच्या मध्ये जाहिरात येते. 'डिसेंबर'सारखा अल्बम जाहिरातींसह ऐकण्यात अर्थ नाही. एका महिन्याची वर्गणी भरा किंवा अल्बम विकत घ्या.

## टप्पा ३: माळ्यावरची कॅसेट आणि एलपी

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅबखालच्या माळ्यावर किंवा पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. तिथे वर्षानुवर्षं पडलेली कॅसेट थेट प्लेअरमध्ये घालणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. टेप गुंतून तुटते आणि ते रेकॉर्डिंग परत मिळत नाही.

आधी कॅसेट उजेडात धरून पाहा. ज्या फटीतून टेप दिसते तिथे मधोमध, पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. प्लेअरमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला, म्हणजे हेडला, टेप दाबून धरणं हे त्याचं काम. उष्णतेने त्याचा गोंद सुटतो आणि तुकडा आत कुठेतरी पडलेला सापडतो. तो नसेल तर आवाज बोदा येतो, मध्येच बुडतो आणि माणूस उगाच हेड घासत बसतो. कवच पाच स्क्रूंचं असेल तर दुसऱ्या चांगल्या, स्क्रूच्याच रिकाम्या कवचात दोन्ही रिळं हलवा. टेपची वाट दोन्ही बाजूंच्या रोलरवरूनच गेली पाहिजे. कवच चिकटवलेलं असेल तर ते उघडण्याचं काम कॅसेट दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

मग हा क्रम ठेवा:

१. कॅसेट किमान एक दिवस खोलीच्या तापमानात ठेवा.

२. पेन्सिलीने दोन्ही चक्रं थोडी फिरवून पाहा. अडत असेल तर जोर लावू नका.

३. प्लेअरचं हेड आणि धातूचा फिरता दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी तपकिरी निघायची थांबेपर्यंत पुसत राहा. रबरी रोलरला अल्कोहोल लावू नका, रबर कडक होतं. तो साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा. दहा मिनिटं वाळू द्या.

४. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे त्याने मोकळे होतात.

५. आता वाजवा, आणि पहिल्याच वाजवण्यात रेकॉर्डही करा. दुसरी संधी मिळेलच याची खात्री नसते.

रेकॉर्ड करताना लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत वायर घालू नका. ती खाच बहुधा मोनो असते आणि आवाज फाडते. लाइन-इन (प्लेअरचा आवाज थेट घेणारी खाच) असलेलं छोटं यूएसबी ऑडिओ उपकरण घ्या. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ ठेवा आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचं शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास येऊ द्या. शून्याला टेकलं की सूर फाटतो आणि नंतर कशानेही नीट होत नाही. एका मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. म्हणजे ४० मिनिटांचा अल्बम ४०० एमबी. फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता लहान होणारी फाइल) साठवला तर साधारण निम्म्यात बसतो. 'नॉइज रिडक्शन' हळू हाताने वापरा किंवा वापरूच नका. टेपची सळसळ घालवताना पियानोची गुंजही जाते, आणि सळसळ दोन मिनिटांत कानाला सवयीची होते. ही नक्कल घरच्या ऐकण्यापुरतीच ठेवा.

एलपीचं थोडक्यात: तबकडी उभी ठेवा, कार्बन ब्रशने धूळ काढा, वेग ३३⅓ ठेवा आणि सुईचं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर लिहिलंय तेवढंच लावा. उन्हात ठेवून वाकलेली तबकडी दोन काचांमध्ये दाबून पुन्हा उन्हात ठेवायचा उपाय सांगितला जातो. त्याने खाचा खराब होतात, करू नका. सीडी मात्र सोपी. मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

तपासा: रेकॉर्ड केलेली फाइल हेडफोनवर सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी ऐका. एका कानात आवाजच नसेल तर वायर अर्धवट बसली आहे. दोन्ही कानांत बोदा असेल तर पुन्हा हेड पुसा.

## टप्पा ४: फोनमधली सेटिंग

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे, पण निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

शफल बंद करा. क्रॉसफेड शून्यावर आणा आणि ऑटोमिक्स असेल तर तेही बंद करा. क्रॉसफेडमध्ये एका ट्रॅकचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो. विन्स्टनचा शेवटचा सूर विरत जातो, तिथे पुढचा ट्रॅक येऊन आदळतो. 'गॅपलेस' (ट्रॅकच्या मध्ये जादा खंड न पाडणारी सेटिंग) चालू ठेवा. ऑटोप्ले बंद करा, नाहीतर अल्बम संपताच ॲप स्वतःच्या मर्जीने गायनाचं काहीतरी लावतं.

आवाजाची पातळी समान करणारी 'नॉर्मलायझेशन' सेटिंग मधल्या पर्यायावर ठेवा, 'लाउड'वर नको. स्पॉटिफायमध्ये अल्बम अल्बम म्हणूनच लावला तर सगळ्या अल्बमला मिळून एकच पातळी लागू होते, आणि हळू वाजवलेला ट्रॅक हळूच राहतो. तेच ट्रॅक प्लेलिस्टमध्ये टाकले की प्रत्येक ट्रॅक वेगळा मोजला जातो आणि हळू वाजवलेलाही वर उचलला जातो. वादकाने मुद्दाम ठेवलेला चढउतार सपाट होतो. म्हणून आठ अल्बमची एक प्लेलिस्ट करू नका. अल्बम लायब्ररीत सेव्ह करा आणि तिथूनच लावा.

बास बूस्ट, सराउंड, 'कॉन्सर्ट हॉल' वगैरे सगळं बंद. इक्वलायझर सपाट.

आता अल्बम डाउनलोड करा. इथे चूक हमखास होते: ऑनलाइन ऐकण्याचा दर्जा आणि डाउनलोडचा दर्जा या दोन वेगळ्या सेटिंग असतात. पहिली वाढवली तरी दुसरी खालीच राहते. दोन्ही सर्वोच्च करा, मगच डाउनलोड लावा. आधीचे अल्बम खालच्या दर्जाचे उतरले असतील तर काढून पुन्हा उतरवा.

ऐकताना फोन एअरप्लेन मोडवर टाका. व्हॉट्सॲपची एक टिंग फेहीच्या गिटारचा अख्खा तुकडा घालवते. शिवाय लाईट गेल्यावर वायफाय गेलं तरी अल्बम अडत नाही.

## टप्पा ५: खोली आणि वेळ

सोलापुरी घरात खाली शहाबादी फरशी किंवा टाइल, वर स्लॅब, बाजूला गिलावा केलेल्या भिंती. आवाज आपटत राहतो आणि झांजा, घंटा, पियानोच्या वरच्या पट्ट्या कर्कश लागतात. खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. मागोमाग 'झिंग' असा पडसाद ऐकू आला तर उपाय हवा.

स्पीकर आणि तुमच्यामधल्या फरशीवर जाड सतरंजी पसरा. तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर सोलापुरी चादर दुहेरी करून टांगा, भिंतीपासून तीन-चार बोटं सुटी. भिंतीला चिकटून टांगली तर तिचा उपयोग निम्मा होतो. चादर वरचा कर्कशपणा घेते, खालचा घुमारा नाही. घुमाऱ्यासाठी कोपऱ्यात गुंडाळलेली गादी उभी करा. पुन्हा टाळी वाजवून पाहा.

पंखा बंद ठेवा. डिसेंबरमध्ये रात्री त्याची गरज पडत नाही. फ्रिज त्याच खोलीत असेल तर त्याचा कॉम्प्रेसर थांबलेला असताना सुरुवात करा.

वेळेचा विचार बाहेरच्या आवाजावरून करा. लग्नसराईत संध्याकाळी रस्त्यावर वराती असतात. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना बंदी असते, त्यामुळे सवलतीचे दिवस सोडले तर रात्री १० नंतरचा तास आणि पहाटेचा तास हे हक्काचे. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी घर असेल तर मागाचा खटखटाट एकट्या गिटारला आणि हळू पियानोला खाऊन टाकतो. तिथे एकट्या वाद्याचे अल्बम माग बंद असण्याच्या दिवसासाठी राखा. एरवी ऑर्गन, पितळी वाद्यं किंवा मोठा संच लावा.

सावधान: बाहेरचा आवाज झाकण्यासाठी व्हॉल्यूम वाढवू नका. वेळ किंवा अल्बम बदला.

## टप्पा ६: स्पीकर आणि आवाजाची पातळी

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, प्रत्येक बाजू साधारण ५ ते ६ फूट. मागच्या भिंतीपासून स्पीकर फूट-दीड फूट पुढे घ्या. छोटा वरचा स्पीकर कानाच्या उंचीवर हवा. खुर्चीवर बसणार असाल तर जमिनीपासून सुमारे साडेतीन फूट, सतरंजीवर बसणार असाल तर अडीच. एक स्पीकर टीव्हीवर आणि दुसरा कपाटावर असेल तर पियानो खोलीत कुठे आहे तेच कळत नाही.

वायर जोडताना लाल-काळी दोन्ही स्पीकरना सारखीच लावा. एकीकडे उलट झाली तर बास पातळ होतो आणि मधला आवाज हरवल्यासारखा वाटतो. शंका आली तर एकाच स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करून त्याच ट्रॅकवर ऐका. ज्या जोडणीत बास भरीव लागतो ती बरोबर.

फोन ते ॲम्प्लिफायर शक्यतो ऑक्स वायरने जोडा. ब्लूटूथवर ड्रमच्या ब्रशची सळसळ आणि झांजांची विरत जाणारी शेपटी खरखरीत लागते, आणि ग्वाराल्डीच्या अल्बमची निम्मी गोडी त्या ब्रशमध्येच आहे. फोनचा व्हॉल्यूम ८०-९० टक्क्यांवर ठेवून कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर करा. उलट केलं तर ॲम्प्लिफायरची गुणगुण वर येते.

होम थिएटर असेल तर 'स्टिरिओ' मोड निवडा. वूफर आधी पूर्ण बंद करा आणि बासची तार वेगवेगळ्या पट्ट्यांत सारखीच ऐकू येईपर्यंत हळूहळू वाढवा. जिमी स्मिथ आणि बुकर टीच्या ऑर्गनसाठी हे फार महत्त्वाचं. वूफर जास्त असला तर ऑर्गनचे दोन-तीनच खालचे सूर दणाणतात आणि बाकीचे गायब होतात.

पातळी किती? शेजारच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे. फोनवरच्या ध्वनिमापक ॲपवर ६० ते ६५ डेसिबल. मॅनहाइम स्टीमरोलर थोडा वर चालेल, विन्स्टन थोडा खाली.

हेडफोनवाल्यांसाठी एकच सूचना. साठच्या दशकातल्या काही स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये एक वाद्य पूर्ण डाव्या कानात आणि दुसरं पूर्ण उजव्या कानात असतं. स्पीकरवर ते सुखाचं वाटतं, हेडफोनवर अर्ध्या तासात डोकं जड होतं. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' आहे, तेवढ्यापुरतं ते चालू करा आणि नंतर आठवणीने बंद करा.

## टप्पा ७: महिन्याचा क्रम

नोव्हेंबर लागताच सुरू केलं की २० डिसेंबरला कंटाळा ठरलेला. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्यातल्या पहिल्या रविवारी सुरुवात करा आणि ६ जानेवारीला थांबा.

पहिल्या आठवड्यात फक्त एकटी वाद्यं. कान कोरे असतानाच बारकावे कळतात. ऑर्गन आणि ड्रम ऐकल्यानंतर एकटी गिटार रिकामी वाटते, म्हणून हा क्रम उलटा करू नका. दुसऱ्या आठवड्यात छोटे संच, तिसऱ्यात ऑर्गन-गिटार, चौथ्यात मोठे संच. चौथ्या आठवड्यात चायकोव्हस्कीच्या 'नटक्रॅकर' (१८९२) या बॅलेतल्या निवडक तुकड्यांची वाद्यवृंदासाठीची मालिका (सुईट) आणि दुसऱ्या दिवशी ड्यूक एलिंग्टनने १९६० मध्ये जॅझ बँडसाठी केलेली त्याची मांडणी ऐका. मूळ आधी, मांडणी नंतर. आधी एलिंग्टन ऐकला तर त्याने काय बदललं ते समजायला मार्ग उरत नाही.

एका बैठकीत एकच अल्बम. एलपीच्या काळातले अल्बम साधारण एका बाजूला १५ ते २० मिनिटांचे, म्हणजे एकूण अर्धा-पाऊण तास. एवढं पुरतं. मधल्या जागेवर, जिथे पूर्वी तबकडी उलटायची, तिथे एक-दोन मिनिटं थांबा. आठवड्यात तीन किंवा चार बैठका, बाकीचे दिवस काहीच नाही. रिकामे दिवस ही चैन नव्हे. कान ताजे राहण्यासाठी ते लागतातच.

२४ तारखेच्या रात्री चर्चमधून परतल्यावर पुन्हा एकट्या वाद्याकडे या: फेही किंवा विन्स्टन. २५ ला सकाळी पाहुणे येणार, करंज्या-चकल्यांच्या ताटांभोवती गप्पा होणार. तिथे एकटा पियानो लावला तर तो कुणालाच ऐकू येत नाही आणि आवाज वाढवला तर बोलता येत नाही. रॅम्झी लुईस किंवा बुकर टी लावा. ठेका असल्यामुळे ते बोलण्याखालीही टिकतात. पाहुण्यांसाठी पातळी ५५ डेसिबलच्या आसपास.

२६ डिसेंबर ते ६ जानेवारी हा काळ नव्या अल्बमसाठी ठेवा. तोवर चाली पाठ झालेल्या असतात, त्यामुळे बेला फ्लेक किंवा कार्ला ब्लेने त्या कुठे वळवल्या ते लगेच पकडता येतं.

तपासा: दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पहिल्या आठवड्यातला एखादा ट्रॅक मनात आठवतो का? आठवत नसेल तर बैठका जास्त होत आहेत. एक कमी करा.

## टप्पा ८: एक चाल, तीन वादक

इथे पुनरावृत्ती कामाला लावायची. तिसऱ्या आठवड्यानंतर, एका बैठकीत, फक्त एकच चाल तीन अल्बममधून ऐका. प्लेलिस्ट करायला परवानगी आहे ती एवढ्यापुरतीच. दोन ट्रॅकमध्ये अर्धं मिनिट थांबा.

सुरुवातीला 'स्ले राइड' घ्या. ही लिरॉय अँडरसनची १९४८ ची रचना. मूळ वाद्यवृंदात घोड्याच्या टापांसाठी लाकडी ठोकळे, चाबकासाठी दोन फळ्यांचा फटका आणि शेवटी ट्रम्पेटवर घोड्याचं खिंकाळणं आहे. ते आदल्या दिवशी एकदा ऐका. मग बैठकीत रॅम्झी लुईस (१९६१), व्हेंचर्स (१९६५) आणि बेला फ्लेक (२००८). प्रत्येक वेळी एकच प्रश्न डोळ्यांपुढे ठेवा: टापांचं काम इथे कोण करतंय?

दुसरी चाल 'गॉड रेस्ट यी मेरी जेंटलमेन'. जिमी स्मिथ, रॅम्झी लुईस, पीटरसन आणि मॅनहाइम स्टीमरोलर, चौघांकडेही आहे; त्यांतले कोणतेही तीन निवडा. इथे बासकडे लक्ष द्या. वरची चाल जवळपास सारखीच राहते, खालचं चालणं बदलतं.

तिसरी 'कॅरल ऑफ द बेल्स'. युक्रेनच्या मिकोला लिओंतोविचची ही रचना, मूळ समूहगायनासाठी. चार सुरांचा एकच तुकडा शेवटपर्यंत घोळत राहतो. विन्स्टनच्या पियानोवर तो तुकडा कोणत्या हाताकडून कोणत्या पट्टीत जातो ते मोजा. मग मॅनहाइम स्टीमरोलरच्या 'अ फ्रेश एअर ख्रिसमस' (१९८८) मधलं रूप ऐका.

चाल ओळखीचीच नसेल तर आधी ती कुणीतरी गायलेली एकदा ऐकून घ्या. ज्यांच्या घरी 'उपासना संगीत' हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक आहे, त्यांना त्यातल्या नाताळच्या गीतांच्या काही चाली इथे वाद्यावर भेटतील. मराठी शब्द मनात धरून ऐकलं की वादकाने श्वास कुठे घेतला, ओळ कुठे लांबवली ते चटकन लक्षात येतं. ग्वाराल्डीच्या अल्बममधली 'व्हॉट चाइल्ड इज धिस' आणि इतरांकडची 'ग्रीनस्लीव्ह्ज' ही एकच चाल आहे. दोन वेगळ्या समजून दोन्ही एका दिवशी लावू नका.

सावधान: तिनापेक्षा जास्त रूपं एका बैठकीत नकोत. चौथ्याला कान फक्त वेग मोजायला लागतो.

## अडलं तर कुठे पाहायचं

सतत 'हूं' असा आवाज येतो: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर लावा. थांबला तर अर्थिंगचा घोळ आहे. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच सॉकेट-पट्टीवर घ्या. लाईट गेल्यावरच गुणगुण सुरू होत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे. तेवढा वेळ बॅटरीवर चालणारा स्पीकर किंवा हेडफोन वापरा.

पियानो डगमगतो, सूर लाटेसारखा वरखाली होतो: कॅसेट असेल तर रबरी रोलर किंवा बेल्ट सैल झाला आहे. एलपी असेल तर तबकडी वाकली आहे किंवा बेल्ट घसरतोय. पियानो आणि ऑर्गनवर हा दोष सर्वांत आधी कळतो, म्हणून प्लेअर तपासायला 'डिसेंबर'चा पहिला ट्रॅकच लावा.

साफ करूनही एकच कॅसेट बोदी येते, बाकीच्या ठीक: हेडजवळचा छोटा स्क्रू त्या कॅसेटपुरता किंचित फिरवावा लागतो. फिरवण्याआधी त्याच्या मूळ जागेची मार्करने खूण करा, पाव वळणापेक्षा जास्त फिरवू नका आणि काम झालं की खुणेवर परत आणा. नाहीतर उरलेल्या सगळ्या कॅसेट बोद्या येतील.

आवाज स्वच्छ, जुळणी बरोबर, तरी दहा मिनिटांत लक्ष उडतं: अल्बम बदलू नका, वेळ बदला. तोच अल्बम दुसऱ्या दिवशी पहाटे, पंखा बंद ठेवून, सुरुवातीच्या तीन ट्रॅकपुरता लावा.

६ जानेवारीनंतर कॅसेट पूर्ण मागे फिरवून, उभ्या, घरातल्या सर्वांत थंड खोलीतल्या खालच्या कप्प्यात ठेवा. माळ्यावर नको. डिजिटल फाइलची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर टाका आणि यादीच्या कागदावर, प्रत्येक नावासमोर, तो अल्बम कोणत्या वेळी आणि किती व्हॉल्यूमला नीट लागला ते लिहून कॅसेटच्याच डब्यात ठेवा.